आधी माप, मग डबल स्टँड

पावसाळ्यात नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या किंवा मखमलाबादच्या बाजूला चक्कर मारा आणि बांधाला उभ्या असलेल्या मोटरसायकलींकडे बघा. प्रत्येकीच्या साइड स्टँडखाली काही ना काही सरकवलेलं असतं. कुठे कौलाचा तुकडा, कुठे चपटा दगड, कुठे दाबून सपाट केलेला पत्र्याचा डबा. काळ्या मातीत साइड स्टँडचं एवढंसं टोक खुपसत जातं आणि अर्ध्या तासाने गाडी आडवी होते, हे ज्याला एकदा कळलं तो खिशात दगड घेऊन फिरतो. माझी यामाहा आरएक्स १०० अशीच एका मित्राच्या द्राक्षबागेत आडवी झाली. क्लचचा लिव्हर गेला, इंडिकेटर गेला आणि टाकीला पोचा आला. मित्र म्हणाला, "अरे, डबल स्टँडवर का नाही लावलीस?" लावायला तो असायला हवा होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी कॉलेज रोडवर गाडी मनासारखी वाकत नाही, वळणावर स्टँड घासतो, म्हणून मीच तो काढून माळ्यावर टाकला होता. माळ्यावरून तो कधीतरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला.

हे माझ्या एकट्याचं नाही. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ अशी बनली. आज ज्या रस्त्यावर दिसतात त्यातल्या कितीतरी गाड्यांना डबल स्टँड नसतो. राजदूत, येझ्दी, सुझुकी सामुराई, जुनी सीडी १०० यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचे स्टँड कोणी हौसेने काढले नाहीत, ते झिजले, वाकले, तुटले आणि मग दुरुस्त करायला कोणाला वेळ झाला नाही. पण ज्याच्या गाडीला चेन आहे, तारांचं चाक आहे आणि आत ट्यूब आहे, त्याला डबल स्टँडवाचून पदोपदी अडतं. चेन साफ करून तेल द्यायचं तर मागचं चाक हाताने फिरायला हवं. पंक्चर काढायचं तर चाक बाहेर यायला हवं. गाडी साइड स्टँडवर कलती ठेवून इंजिन ऑइल तपासलं तर पातळी खोटी दिसते. दुधाचे कॅन लटकवून निघणाऱ्याला तर विचारूच नका. एका बाजूचा कॅन भरताना साइड स्टँडवरची गाडी कशी डोलते ते त्यालाच ठाऊक.

तर स्टँड बसवायचा. पण दुकानात जाण्याआधी थांबा. तुमच्या गाडीला स्टँड आहे पण तो 'लागत नाही', अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा नवा घेण्याची गरजच नसते.

गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडला लावा. मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर असेल आणि पुढचं टेकलेलं असेल, तर सगळं ठीक. दोन्ही चाकं टेकत असतील, गाडी होडीसारखी हलत असेल किंवा जराशा धक्क्याने स्टँडवरून उतरत असेल, तर खाली वाका आणि तीन ठिकाणं बघा. पहिलं ठिकाण पायाच्या टाचा. डांबरावर ओढून ओढून त्या तिरक्या झिजलेल्या असतात. दुसरं म्हणजे ज्या दांड्यावर स्टँड फिरतो ती पिन आणि तिची भोकं. स्टँड हातात धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड करत अर्धा इंच हलला, तर भोकं लांबोळकी झाली समजा. तिसरं ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं आणि तिथे कोणी बघतच नाही. ते म्हणजे स्टॉपर, स्टँड पूर्ण खाली आल्यावर चेसिसला जिथे अडतो तो लोखंडाचा ठोकळा किंवा कान.

स्टॉपर का महत्त्वाचा, हे कळायला डबल स्टँड उभा कसा राहतो ते समजून घ्यावं लागतं. उभ्या गाडीत स्टँडचे पाय सरळ खाली नसतात. ते पिनेच्या थोडे पुढे गेलेले असतात. गाडीचं वजन त्या पायांना आणखी पुढे ढकलत असतं आणि स्टॉपर त्यांना अडवतो. या ओढाताणीतच गाडी स्थिर राहते. स्टँडवरून उतरवताना आपण गाडी पुढे ढकलतो तेव्हा पिन पायांच्या वरून पलीकडे जाते आणि गाडी धप्पकन खाली येते. म्हणजे सगळा खेळ त्या पुढे झुकलेल्या कोनाचा. आता हिशोब करा. स्टॉपर पिनेपासून साधारण तीन सेंटिमीटरवर, टाच पंचवीस सेंटिमीटरवर. स्टॉपर फक्त तीन मिलिमीटर झिजला तर टाच अडीच सेंटिमीटर पुढे सरकते. पाय जास्त तिरका झाला म्हणून गाडी सात-आठ मिलिमीटर खाली बसते, आणि चाक पिनेच्या बरंच मागे असल्याने तिथे हा फरक जवळजवळ अर्ध्या इंचाचा होतो. चाकाखालची निम्मी जागा गेली! अशा वेळी लोक टाचांखाली पट्ट्या मारून घेतात. त्याने गाडी वर उचलली जाते खरी, पण कोन तसाच चुकलेला राहतो आणि मग स्टँडला लावताना कंबर मोडते. आधी स्टॉपर वेल्डिंगने भरून घ्या, कानशीने घासून मापात आणा आणि मग टाचांकडे बघा. दहापैकी सहा-सात स्टँड एवढ्यावर पुन्हा कामाला लागतात, असं माझ्या ओळखीचे जुने मिस्त्री सांगतात. मला तो आकडा खरा वाटतो, कारण माझ्या भावाची स्प्लेंडर याच उपायाने उभी राहिली.

एक गोष्ट अजून. टायर बदलताना जाड टायर टाकला का? २.७५ ऐवजी ३.०० चा टायर घेतला की चाकाची त्रिज्या सहा-एक मिलिमीटरने वाढते. मागचे शॉकअप लांबीला जास्त घेतले का? स्टँडवर गाडी लावल्यावर मागचं चाक लटकतं आणि शॉकअप पूर्ण लांब होतात, त्यामुळे लांब शॉकअप म्हणजे चाक आणखी खाली. मूळ स्टँडचा काहीच दोष नसतो, गाडीच बदललेली असते.

आता स्टँड खरोखरच नाही किंवा गंजून गेला आहे असं धरू. आधी चेसिसचे कान बघा. कंपनीने स्टँड दिलेल्या गाडीला, तो कधी काढला तरी, इंजिनच्या मागे खालच्या बाजूला दोन भोकांचे कान राहतातच. त्यांवर वीस वर्षांचा चिखल आणि चेनचं तेल बसलेलं असतं. रॉकेल-डिझेल लावून खरवडा. कान शाबूत असतील तर अर्धी लढाई जिंकली. कानांना तडा असेल तर आधी तो चेसिसचा प्रश्न, स्टँडचा नंतर. आणि ज्या गाडीला कंपनीने कधी कानच दिले नाहीत, उदाहरणार्थ ड्यूकसारख्या गाड्या, तिथे वेल्डिंग करून कान चिकटवण्याच्या फंदात पडू नका. तिच्यासाठी मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड घ्या, तो घरी भिंतीला टेकून राहील.

मग मापं. मी आयुष्यात पुष्कळ चकरा मारल्या त्या मॉडेलचं नाव घेऊन गेलो म्हणून. "आरएक्सचा आहे का?" "आहे की." घरी आणला तर कानांमध्ये बसेना. मापं चार आहेत आणि एका चिठ्ठीवर मावतात. दोन्ही कानांमधलं आतलं अंतर. कानाच्या भोकाचा व्यास, हा व्हर्नियरने घ्या, पट्टीने नको, कारण एक मिलिमीटरचा फरकही पुढे खडखडतो. कानांची जाडी. आणि चौथं माप पिनेच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या उंचीचं.

हे चौथं माप घेताना सगळे चुकतात, कारण ते चाकं जमिनीवर असताना घेतलं जातं. गाडी आधी उचलायला हवी. चेसिसच्या खालच्या नळीखाली लाकडी ठोकळे लावा. खाली नळी नसेल तर इंजिनखाली रुंद फळी आणि त्याखाली ठोकळे, म्हणजे भार एका जागी येणार नाही. नाशिकच्या जुन्या वाड्यात राहणाऱ्याची चैन आहे. झोपाळ्याच्या कड्या तुळईला असतातच, तिथून दोर घ्यायचा आणि गाडीच्या मागच्या हँडलला बांधायचा. कडी आणि तुळई मात्र आधी तपासा, काही वाड्यांत कडी गंजलेली असते आणि तुळई वाळवीने पोखरलेली. पुढचा ब्रेक रबरबँडने आवळून ठेवा आणि एक माणूस हँडल धरून उभा करा. मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर आलं, शॉकअप पूर्ण लांब झाले की कानाच्या भोकाच्या मध्यापासून फरशीपर्यंत उभं अंतर मोजा. समजा ते २५० मिलिमीटर भरलं. पाय साधारण पंधरा अंश पुढे झुकणार, म्हणून स्टँडच्या पायाची लांबी २५० नव्हे, २५९ च्या आसपास हवी. हा नऊ मिलिमीटरचा फरक फॅब्रिकेशनवाल्याला सांगितला नाही तर तो सरळ २५० चा पाय कापून देईल आणि चाक जेमतेम सुटेल.

आता शोधायचं कुठे. शब्दापासून सुरुवात करू. आपण नाशिककर त्याला डबल स्टँड म्हणतो, पावतीवर सेंटर स्टँड लिहितात आणि कंपनीच्या कॅटलॉगात त्याचं नाव असतं मेन स्टँड. काउंटरवरच्या पोराला संगणकात 'सेंटर' टाकून काही सापडत नाही आणि तो "बंद झालं साहेब" म्हणून मोकळा होतो. 'मेन स्टँड' म्हणून शोधायला सांगा. त्याहून पक्कं म्हणजे पार्ट नंबर. होंडाच्या पद्धतीच्या नंबरात पहिले पाच आकडे वस्तू कोणती ते सांगतात, आणि मेन स्टँडचे ते आकडे ५०५०० असतात. त्यापुढची तीन अक्षरं कोणत्या मॉडेलसाठी ती वस्तू बनवली ते सांगतात. हिरो आणि होंडा २०१०-११ मध्ये वेगळे झाले, पण हिरो होंडाच्या काळातल्या गाड्यांच्या भागांवर हीच पद्धत आहे. यामाहाचं उलटं. तिथे मॉडेलची खूण आधी येते आणि वस्तूचा आकडा मधे, मेन स्टँडसाठी २७१११. जुन्या दुकानात मागच्या फळीवर धूळ खात पडलेल्या स्टँडला चिठ्ठी बांधलेली असते. त्यावर हे आकडे दिसले की दुकानदाराच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही.

स्प्लेंडरवाल्यांना हे सगळं वाचून हसू येईल. १९९४ पासून ती गाडी चालू आहे, स्टँड कोणत्याही गल्लीत मिळतो. खरी वणवण येझ्दीवाल्यांची. येझ्दी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, त्यामुळे कंपनीचा नवा भाग मिळण्याचा प्रश्नच नाही. टीव्हीएस आणि सुझुकी यांनी २००१ मध्ये फारकत घेतली आणि सामुराई-शोगनवाले दोघांच्याही दारात उभे राहायचे सोडून भंगारात शिरले. नाशिकमध्ये अशा शोधाची हक्काची जागा होती अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार. महापालिकेने तो जानेवारी २०१७ मध्ये उठवला. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचे सांगाडे रचलेले असत आणि स्वतःच्या हाताने पाना लावून स्टँड सोडवून घ्यायची मुभा असे. आज त्या धंद्यातली माणसं इकडे-तिकडे विखुरली आहेत, पण मेकॅनिक त्यांना ओळखतात. म्हणून बाजार शोधण्याऐवजी तुमच्या गाडीवर ज्याचा हात बसला आहे असा पन्नाशीच्या पुढचा मेकॅनिक शोधा. त्याच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला काय टांगलं आहे ते त्यालाही आठवत नसतं. चहा पीत बसा, नजर फिरवत राहा.

नाशिकबाहेर जायची तयारी असेल तर पुण्याची नाना पेठ, तिथे दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. बुधवारी किंवा रविवारी गेलात तर मंगळवार पेठेतला जुना बाजारही साधतो. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार. मी माझा स्टँड कुर्ल्याहून पंचवटी एक्सप्रेसने आणला. बॅगेत मावत नव्हता, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरला होता, आणि शेजारच्या काकूंनी कल्याण येईपर्यंत ते कसलं वाद्य आहे असं दोनदा विचारलं. वापरलेला भाग घेताना पावती मात्र मागा. दुकानदार पावतीचं नाव काढल्यावर गप्प झाला तर तो स्टँड तिथेच सोडून या. चोरीच्या गाड्याही अशाच सुट्या होऊन विकल्या जातात.

वापरलेला स्टँड पारखायचा कसा? शहाबादी किंवा कडाप्प्याच्या सपाट फरशीवर दोन्ही टाचा टेकवून उभा धरा. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे केलं की घरात त्या दिवशी जेवण उशिरा मिळतं, म्हणून अंगणात. एक टाच उचललेली राहिली तर पाय वाकलेला आहे. थोडा वाकलेला सरळ होतो, पण वेल्डिंगपाशी वाकलेला घेऊ नका. पिनेच्या नळीत नवी पिन घालून हलवून बघा. ताज्या चमकत्या काळ्या रंगाचा मोह धरू नका. रंगाखाली तडे लपतात. जोडावर सँडपेपर मारायला सांगा, नाही म्हणाला तर त्यातच उत्तर आलं. नळीवर हातोडी हलकेच वाजवा. खणखणीत वाजली तर बरं, बद्द वाजली तर आतून गंजून पातळ झाली असण्याची शक्यता धरा. पाय देण्याची पट्टी, जिच्यावर आपण बूट ठेवून जोर देतो, ती शाबूत आहे ना? ती तुटलेला स्टँड स्वस्तात मिळतो आणि मग रोज पश्चात्ताप करायला लावतो.

काहीच मिळालं नाही तर बनवून घ्या, आणि इथे नाशिकसारखं गाव नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आणि त्यांच्या आसपासच्या गाळ्यांत लेथ, वेल्डिंग, पाइप वाकवणं सगळं होतं. अडचण एकच, एका नगासाठी कोणी मशीन थांबवत नाही. ओळख काढा, संध्याकाळी जा आणि त्यांच्या सवडीने काम होऊ द्या. पिन साध्या लोखंडाची नको. टर्नरला ईएन-८ ची बनवायला सांगा, त्याच्याकडे तुकडा पडलेला असतो. कानांची भोकं लांबोळकी झाली असतील तर ती गोल मोठी करून त्यात बुश ठोकून घेता येतात. पिनेला ग्रीस जाण्यासाठी छिद्र आणि निपल ठेवायला सांगितलंत तर टर्नर तुमच्याकडे जरा आदराने बघेल. पायांसाठी जाड भिंतीची एमएस पाइप, जोडांवर सीओटू वेल्डिंग. टाचांना रुंद पट्टी द्या. कंपनीच्या टाचा डांबरासाठी असतात, आपल्याला बागेच्या मातीतही उभं राहायचं आहे. पण पट्टी इतकीही रुंद नको की स्टँड मिटल्यावर सायलेन्सरला किंवा टायरला लागेल.

वेल्डिंगबद्दल एक ताकीद. स्टॉपर भरायला गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, पेट्रोलची टाकी उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलही काढा. "दोन मिनिटांचं काम आहे भाऊ, टाकी राहू द्या" असं जो म्हणेल त्याच्याकडून ते दोन मिनिटांचं काम करून घेऊ नका. ग्राइंडर हँडलखालच्या नळीपर्यंत जाणार नाही याकडेही लक्ष असू द्या, बहुतेक मोटरसायकलींचा चेसिस नंबर तिथे कोरलेला असतो. पंधरा वर्षांपुढची गाडी दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला पेठ रोडच्या आरटीओत न्यावी लागते आणि तिथे साहेब सगळ्यात आधी तो नंबरच बघतात.

बसवायचं काम तासाभराचं. त्यातली पाऊण तासाची झटापट स्प्रिंगशी. पिन काढण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घ्या. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचं पॅडलही याच पिनेवर बसलेलं असतं. पिन ओढली की पॅडल, त्याची छोटी स्प्रिंग आणि ब्रेकलाइटच्या स्विचची तार सगळंच हातात येतं, आणि कोण कुठे होतं ते आठवत नाही. गंजलेली पिन हातोडीने बडवू नका, तिचं टोक पसरतं आणि मग ती भोकातून निघत नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारा फवारा मारून ठेवा, सकाळी पिनेला पान्याने गोल फिरवत बाहेर काढा. पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाडीला दोन रात्री द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी गावात शिरली तेव्हा पंचवटीत बुडालेल्या एका गाडीची पिन शेवटी कापून काढावी लागली होती.

कान, नळी, पिन तिन्ही स्वच्छ पुसून भरपूर ग्रीस लावा. स्टँड जागेवर धरून पिन आत घाला, वॉशर विसरू नका. पिनेच्या टोकाला स्प्लिट पिन असेल तर ती दरवेळी नवीच घ्या. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, जुनी सरळ करून पुन्हा वापरली की ती वाकवलेल्या जागीच तुटते.

आता स्प्रिंग. ती स्क्रू ड्रायव्हरने ओढायला गेलात तर ती सुटेल आणि तुमच्या डोळ्याचा वेध घेईल. गॉगल लावा, नुसत्या चष्म्यावर भागवू नका. सोपी युक्ती नाण्यांची. स्प्रिंगचं एक टोक शिकंज्यात धरा, दुसरं एका बाजूला वाकवा, म्हणजे वेढ्यांमध्ये फट पडेल. त्या फटींत एकेक नाणं सरकवा. मग उलट्या बाजूला वाकवून तिकडच्या फटींत. चार आण्यांची नाणी २०११ मध्ये चलनातून गेली, पण अजून कुठल्यातरी डब्यात मूठभर असतील. त्यांना याहून चांगला उपयोग नाही. दहा-बारा नाणी गेली की स्प्रिंग लांब होऊन तशीच राहते. दोन्ही आकडे आरामात अडकवा. मग स्टँड खाली ओढला की स्प्रिंग ताणते आणि नाणी आपोआप टपटप गळतात. सगळी गळली ना, ते मोजा. दोन स्प्रिंगा एकात एक असतील तर आधी आतली. आकड्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं हे तुम्ही काढलेल्या फोटोत बघा. तोंड चुकलं की खड्ड्यात स्प्रिंग निसटते.

स्प्रिंग ढिली असेल तर जुनी वापरण्याचा हट्ट करू नका. मिटलेल्या स्टँडला पायाने खाली ढोसून सोडा. तो 'टप्प' करून परत वर जाऊन बसला पाहिजे. गतिरोधकावरून जाताना स्टँडचा आवाज येत असेल तर तो लटकतो आहे. सरळ रस्त्यावर लटकता स्टँड नुसता खरवडतो, पण वळणावर टेकला की मागचं चाक जमीन सोडतं. ज्या कारणासाठी आम्ही कॉलेजात स्टँड काढले त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण दोष स्टँडचा कमी आणि ढिल्या स्प्रिंगेचा जास्त होता, हे आता कळतं.

मिटलेला स्टँड कुठे विसावतो, तेही बघा. बऱ्याच गाड्यांत त्याला टेकायला सायलेन्सरवर रबराचा छोटा गट्टू असतो. तुम्ही बाजारातला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला असेल तर तो गट्टू गेला आणि स्टँड आता वर जाऊन चेनला किंवा टायरला भिडतो. गाडी ठोकळ्यावर असतानाच मागचं चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, मग गाडी चाकांवर उतरवून, सीटवर एक माणूस बसवून चेन आणि स्टँडमध्ये बोट जाईल एवढी जागा राहते का ते तपासा. राहत नसेल तर गट्टूला आधार वेल्ड करून घ्या, किंवा सरळ मूळ सायलेन्सर परत लावा. गल्लीतले लोक दुवा देतील.

ब्रेकचं पॅडल सोडलं होतं ना? पॅडलला दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी चाल राहू द्या, मग ब्रेक लागायला हवा. मागचा दिवा लागतो का ते भिंतीवर उजेड पडतो त्यावरून बघा आणि मगच रस्त्यावर जा.

आणि स्टँडला लावण्याची रीत. हँडल धरून मागे ओढत बसणारे लोक आयुष्यभर पाठ धरून बसतात. डावा हात हँडलला, उजवा सीटमागच्या हँडलला. पाय पट्टीवर ठेवून आधी गाडी सरळ उभी करा, दोन्ही टाचा जमिनीला टेकल्याचं पायाला जाणवेपर्यंत गाडी हलकेच डावी-उजवीकडे डोलवा. मग सगळं वजन त्या पायावर टाकून उभे राहा, हातांनी फक्त दिशा द्या. गाडी स्वतःहून मागे चढते. माझ्या आईने सत्तरीत हे करून दाखवलं आणि घरातल्या दोन तरुणांची मान खाली गेली. तरीही जड वाटत असेल तर मागच्या चाकाखाली इंचभर जाडीची फळी ठेवून करा. फळीने सोपं जातं म्हणजे पाय थोडे लांब झाले आहेत, टाचा किंचित घासून घ्या.

स्टँडवर असलेल्या गाडीवर पोरांना बसवून फोटो काढू नका, आणि स्वतःही त्यावर बसून शेतातल्या गप्पा मारू नका. सगळा भार त्या एवढ्याशा स्टॉपरवर येतो. बुलेट-राजदूतवाले स्टँडवर उभं राहून किक मारतात ती सवयही त्याच स्टॉपरला खाते. गाडी उतरवून किक मारा. वॉशिंग सेंटरमध्ये जोराचा फवारा मारला की पिनेचं ग्रीस वाहून जातं, तेव्हा धुऊन आणल्यावर निपलातून दोन दाब ग्रीस भरा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी चेनला तेल देताना.

बसवल्यापासून पंधरा दिवसांनी एकदा खाली झोपून बघा. स्प्लिट पिनेची दोन्ही टोकं वाकलेली आहेत का, स्प्रिंगेचे आकडे जागेवर आहेत का, वेल्डिंगच्या कडेने गंजाची तपकिरी रेघ उमटली आहे का. अशी रेघ म्हणजे तडा सुरू झाला. ती दिसली तर गाडी त्याच दिवशी वेल्डिंगवाल्याकडे न्या, आणि तोवर साइड स्टँड वापरा, खाली कौलाचा तुकडा सरकवून.